घाटावर पोपची बारी

आमच्या राजुरीत कॅथलिक माणूस औषधालाही नाही. तरीही एका चैत्रात अख्खं गाव भर उन्हात बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे धावपट्टीवर, बसून पोप चुकू शकतो की नाही यावर भांडलं. कारण होतं माझं लग्न. माझ्या लग्नावर त्या दिवशी बुवा बोलले, शेठ बोलले, रहमतुल्लाभाई बोलले, स्पीकरवाला बोलला. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून आता मी बोलते.

सुरुवात आप्पांपासून करते, कारण आमच्या घरात सगळ्याची सुरुवात ते स्वतःपासूनच करतात. माझे वडील गोकुळ, मोटार रिवायंडिंगवाले. अर्ध्या तालुक्याच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी आमच्या पत्र्याच्या शेडात येऊन पडतात. आप्पा गावातले एकमेव नास्तिक आहेत आणि सरपंचाला सरपंचकीचा नसेल एवढा त्यांना त्याचा अभिमान आहे. लक्ष्मी-पार्वती नको म्हणून त्यांनी माझं नाव ऊर्जा ठेवलं. गावानं त्याचं उर्जी करून टाकलं. आईला देव्हारा मांडायची परवानगी मिळाली नाही, त्यामुळे तिचे देव फ्रीजवर राहतात. फ्रीजला आप्पांची हरकत नाही, कारण तो त्यांनी स्वतः दुरुस्त केलाय.

मी नारायणगावला माती तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथं ठिबकच्या कंपनीतून अंतोन यायचा. संगमनेरकडचा, वडील नाहीत, आई मार्थाबाई एका दवाखान्यात आया होत्या. रविवारी चर्चमध्ये तबला वाजवायचा आणि सोमवारी त्याच बोटांनी ठिबकच्या नळ्यांतला कचरा काढायचा. मला तो आवडला. तो चर्चात जातो हे कळल्यावरही आवडत राहिला, यात आप्पांना माझ्या संगोपनाचा पराभव दिसला.

लग्नाला मात्र त्यांचा विरोध नव्हता. पोरगा कष्टाचा, व्यसन नाही, मागणं नाही. विरोध चर्चला. "जुन्नरला जायचं, रजिस्टरवर सही करायची, पेढा खायचा, घरी यायचं. मधी भटजी नको, काझी नको, फादर नको," असा त्यांचा हुकूम. अंतोनची अडचण वेगळीच. कॅथलिक माणसानं चर्चच्या परवानगीशिवाय बाहेर लग्न केलं, तर चर्च ते लग्न धरतच नाही. मग रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सात, सगळे रांगेत जाऊन जी पांढरी चकतीएवढी भाकर घेतात, ख्रिस्ताचं शरीर म्हणून, ती त्याला घेता येत नाही. त्यानं हे आप्पांना नम्रपणे समजावून सांगितलं.

"मग नको घेऊस," आप्पा म्हणाले. "घरी ये, चपाती खा."

अंतोन कानापर्यंत लाल झाला आणि गप्प बसला. तो फार बोलत नाही. एरवी हा त्याचा गुण आहे, त्या दिवशी मला त्या गुणाच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या.

शेवटी आप्पांनी जाहीर केलं, की लग्न चर्चात होणार असेल तर ते येणार नाहीत. मला चर्च चाललं असतं, कचेरी चालली असती, टोमॅटोच्या मार्केटात वजनकाट्यावर उभं करून लावलं असतं तरी चाललं असतं. पण आप्पा नाहीत असं लग्न मला नको होतं. आणि सगळे रांगेत उठून गेल्यावर माझा नवरा जन्मभर बाकावर एकटा बसून राहिलेलाही मला नको होता. दोघांतलं एक जाणार हे दिसत होतं. मी रोज एकाच्या तरी नावानं रडत होते आणि दोघांनाही आतल्या आत शिव्या देत होते.

त्यात यात्रा आली आणि तालुक्यात लम्पी आली. बैलांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या, शर्यती बंद झाल्या. आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाडा. देवाला नारळ फोडून जी माणसं उरतात ती सगळी घाटावर असतात. आता घाट तयार, मांडव तयार, स्पीकर लागलेले, आणि निवेदक सावळेराम याला महिनाभर आधी सुपारी देऊन ठेवलेली. हा सावळेराम म्हणजे पारगावपासून ओतूरपर्यंत घाटाघाटावर ज्याचा आवाज ऐकला की म्हातारी माणसं कट्ट्यावरून उठून उभी राहतात तो. फक्त बैल नाहीत.

यात्रा कमिटीचा अध्यक्ष कुशाबा, त्याचंच स्टँडवर चहाचं हॉटेल. तिथं आप्पा दर सकाळी एक चहा आणि एक देव संपवतात. त्या सकाळी पाळी ख्रिस्ताची होती. पाण्याचा द्राक्षरस कसा होतो, कुमारिकेला मूल कसं होतं, पावाचं मांस कसं होतं, असं सगळं मोठ्यानं चाललेलं. शेजारी आमचे कीर्तनकार सोमाजीबुवा बसले होते. त्यांना येशूबद्दल काही ममत्व असायचं कारण नव्हतं, पण आप्पांचा आवाज ऐकून ऐकून त्यांचं डोकं फिरलं.

"देव कुणाचा बी असंना, गोकुळ, देव हाये त्यो," बुवा म्हणाले. "त्या पावण्याचा देव आज काढलास, उद्या आमचा काढशील."

"तुमचा कालच काढला," आप्पा म्हणाले. "आज कॅथलिकांचा वार आहे. मला कुणीही पटवून द्या की यांच्या धर्मात काही तथ्य आहे. चारचौघांत द्या. पटलं तर चर्चात येईन, पहिल्या बाकावर बसेन. नाही पटलं तर लग्न जुन्नरला, आणि पुन्हा कुणी माझ्यासमोर फादरचं नाव काढायचं नाही."

कुशाबानं किटली खाली ठेवली. मी तेव्हा तिथं नव्हते, पण ज्यानं ज्यानं मला सांगितलं त्यानं हे सांगितलंच, की त्याच्या तोंडावर उजेड पडला. मांडव होता, स्पीकर होता, सावळेराम होता, आणि आता गाडेही मिळाले होते.

असा तो वाद घाटावर गेला. पोस्टर लागलं, 'भव्य जाहीर वादविवाद: कॅथलिक धर्म, खरा की खोटा', आणि खाली नेहमीसारखे पुढाऱ्यांचे बारा फोटो. संगमनेरच्या फादरना बोलावणं गेलं. ते फोनवर खूप वेळ हसले आणि म्हणाले, त्या दिवशी मला बाप्तिस्मे आहेत. अंतोनला कमिटीनं बोलू दिलं नाही, कारण तो नवरदेव, म्हणजे पार्टी. म्हणून कॅथलिक धर्माच्या बाजूनं गावातले तीन आस्तिक निवडले गेले: सोमाजीबुवा, किराणावाले कांतीलालशेठ आणि गाद्यावाले रहमतुल्लाभाई. एक हिंदू, एक जैन, एक मुसलमान. कॅथलिक धर्माला एवढा भक्कम पाठिंबा रोममध्येही मिळाला नसेल. नास्तिकांच्या बाजूला आप्पा एकटे. अवसरी खुर्दहून इंजिनिअरिंगची चार पोरं पाठिंबा द्यायला आली होती, पण त्यांनी भेळ खाल्ली, सेल्फी काढला आणि ऊन लागतंय म्हणून गेली.

राहिला प्रश्न निकालाचा. त्या दिवशी सकाळी घाटावर कुणीतरी विचारलं, जिंकलं कोण हे ठरवायचं कसं?

"त्यात काय ठरवायचं?" कुशाबा म्हणाला. "घाट आपला, नियम घाटाचा. ज्याची बारी कमी टायमात, त्यो पयला."

बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. आमच्या घाटावर गाडे एकामागून एक सुटतात आणि घड्याळ निकाल देतं. दुसरी पद्धत कमिटीला माहीतच नाही. मला वाटलं आप्पा भडकतील. पण ते हसले. "चालेल. खरं सांगायला वेळ लागत नसतो," म्हणाले. हे वाक्य सावळेरामनं स्पीकरवरून तीनदा सांगितलं, म्हणजे सगळ्या गावानं ऐकलं.

घड्याळ माझ्या हातात आलं. टायमिंगवाला आपल्या आजारी बैलापाशी बसून होता, आणि कुशाबा म्हणाला, "उर्जी सायन्सवाली हाये, आन् तिचंच लगीन म्हटल्यावर ती न्यूट्रल." हा तर्क मला अजून कळलेला नाही. मी घड्याळ घेतलं आणि पंचांच्या माचावर जाऊन बसले. खाली पुढच्या रांगेत अंतोन आणि मार्थाबाई बसले होते. मार्थाबाईंनी निळं लुगडं नेसलं होतं, हातात जपमाळ होती, आणि एक पाय लांब करून ठेवला होता. मी त्यांना तेव्हा दुसऱ्यांदाच पाहत होते. त्यांनी मला हात केला. घड्याळ धरलेल्या हातानं मीही केला.

कमिटीतल्या भिकानं गाडा सोडायचं निशाण धरलं, सावळेरामनं माईक धरला.

"हाऽऽ मंडळी! सावध व्हा! पयला गाडा जुंपलाय राजुरीकर गोकुळशेठ रिवायंडिंगवाले यांचा! विषय कॅथलिक, गाडा नास्तिक! निशाण पडलं... भिर्रर्रर्र!"

आप्पा सुटले. पाण्यापासून द्राक्षरसापर्यंत, कुमारिकेपासून कबरीपर्यंत, पापाची कबुली देऊन माफी मिळण्यापासून पोपच्या महालापर्यंत. "सोमवारी पाप करायचं, शनिवारी फादरच्या कानात सांगायचं, रविवारी कोरी पाटी. आपल्याकडं गंगेला तरी जावं लागतं, यांना घरपोच सेवा आहे!" लोक हसले, आप्पा खुलले. खुलले की थांबत नाहीत. पाण्याचा टँकर येऊन गेला, कुल्फीवाला दोन फेऱ्या मारून गेला, सावळेराम मध्ये मध्ये "अजून गाडा घाटातच हाये मंडळी" असं सांगत राहिला. आप्पा खाली बसले तेव्हा माझा अंगठा घड्याळावर दुखायला लागला होता.

मग सोमाजीबुवा. बुवांनी डोळे मिटले, आवाज लावला. "मंडळी, येशू म्हंजी दुसरं तिसरं कुणी न्हाई. त्यो भगवंताचाच अवतार."

"अवतार नाही!" आप्पा जागेवरूनच ओरडले. "अवतार पुन्हा पुन्हा येतात बुवा. यांच्या मते देव एकदाच माणूस झाला. एकदाच. दहा अवतारांच्या रांगेत त्याला उभा करू नका, तो त्यांचा अपमान आहे."

बुवा गडबडले. "बरं, एकदा तर एकदा. आन् त्यो पाव म्हंजी आपला प्रसादच की. मांस बिंस काय न्हाई, ते आपलं प्रतीक."

"प्रतीक!" आप्पा उभेच राहिले. "प्रतीक म्हटलं की तुम्ही कॅथलिक राहिलाच नाहीत, बुवा. त्यांचं म्हणणं आहे की ते खरोखर शरीर होतं. दिसायला भाकर, पण मुळात शरीर. इतकी सरळ अशक्य गोष्ट छातीठोकपणे मानतात म्हणून तर मी त्यांच्याशी भांडतोय. आणि तुम्ही त्यात पाणी घालताय!"

खाली मार्थाबाईंनी मान डोलावली. ती आप्पांच्या बोलण्याला होती हे बहुतेक फक्त मलाच दिसलं.

कांतीलालशेठ उठले. अतिशय सभ्य माणूस, गिऱ्हाइकालासुद्धा तराजू दाखवून बोलणारा. त्यांनी कॅथलिकांच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाची स्तुती केली, आणि उपवास करणारा माणूस खोटा नसतो असं सांगितलं. टाळ्या पडल्या. आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"शेठ, तुमच्या धर्मात हे जग कुणी निर्माण केलं?"

"कोणीच नाही," शेठ सहज म्हणाले. "जग अनादि आहे. निर्माता वगैरे आम्ही मानत नाही."

सावळेरामचा माईक चालूच होता. "म्हंजी शेठ... तुमी बी नास्तिक?"

"अहो, मी सकाळी मंदिरात पूजा करून आलोय!" शेठ ओरडले. पण कुशाबा नियमाचा पक्का. त्यानं शेठजींची खुर्ची उचलून आप्पांच्या शेजारी नेऊन ठेवली. शेठ तिच्यावर टोकावर बसले आणि त्या दिवशी पुन्हा कुणाकडे पाहिलं नाही. त्यांचा नातू बंटी मात्र गर्दीतून "आजोबा, हलू नका, व्हिडिओ निघतोय" असं सांगत होता.

रहमतुल्लाभाईंनी पुढचं सांभाळलं. "मरियम कुंवारी थी, हे आमच्या कुराणातबी हाये," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "इसा अलैहिस्सलामचा जन्म खुदाच्या हुकमानं झाला. ह्यात ज्याला शंका असंल त्यानं माझ्यासंगं बोलावं." त्यांनी इतक्या तळमळीनं कुमारी मातेची बाजू लढवली, की पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. आप्पा हळूच म्हणाले, "आणि तो देवाचा पुत्र, भाई?"

"तौबा!" रहमतुल्लाभाईंनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "खुदाला पोरं नसत्यात. आसं बोलू बी नये."

त्यांची खुर्ची मधोमध गेली, दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर. आता कॅथलिक धर्माच्या बाजूला बुवा एकटे उरले होते आणि त्यांच्या मागे एक रिकामं टेबल. बुवांनी शेवटचा जोर लावला. "पण पोप तर चुकूच शकत न्हाई, येवढं तरी कबूल हाये ना?"

"कोण म्हणालं तुम्हाला?" आप्पांचा संयम सुटला. "पोप रोज चुकतो. चहात साखर जास्त घालतो, चष्मा विसरतो. श्रद्धा आणि नीती, एवढ्याच विषयात, सगळ्या चर्चसाठी, आपल्या गादीवरून अधिकृत बोलला तरच चुकत नाही, असं ते मानतात. बुवा, एखाद्या धर्माची बाजू घ्यायची तर निदान वाचून तरी या! मी चार महिने वाचतोय!"

मांडवात हशा उसळला. सावळेराम माईकवर वाकला. "गोकुळशेठ, राव, एक इचारू का? तुमी नक्की कंच्या गाड्याला जुंपलेत?"

आप्पा खाली बसले, पुन्हा उभे राहिले. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त प्रेम आलं. हा माणूस ज्याला हसतो तेसुद्धा नीट शिकून हसतो.

तेवढ्यात कडेच्या लिंबाच्या झाडामागून कुणीतरी तोंड न दाखवता ओरडलं, "पोरगी बाटवणार हायेत ती! बाकी सगळं नाटक हाये!"

हसणं बंद झालं. कुजबुज सुरू झाली, माना मार्थाबाईंकडे वळल्या. अंतोननं आईच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी आप्पांनी नुसती मान जरी डोलावली असती तरी ते जिंकले असते. एरवी कधी जात नाही, पण त्या क्षणी अख्खा घाट त्यांच्या मागे गेला असता. मला चांगलं माहीत होतं आणि त्यांनाही.

"कोण बोललं ते?" आप्पा म्हणाले. "पुढं ये."

कुणी आलं नाही.

"मग मागं राहूनच ऐक. मी यांचा कायदा वाचलाय. नवरीला धर्म बदलावा लागत नाही. तिला वचनसुद्धा द्यावं लागत नाही. वचन पोरगा देतो, की होणारी लेकरं माझ्या धर्मात वाढावीत म्हणून मी माझ्याकडून प्रयत्न करीन. हिच्या फक्त कानावर घालतात. ते वचन मला पसंत नाही. त्यावर मी अंतोनशी भांडणार आहे, मरेपर्यंत भांडणार आहे. पण माझी पोरगी कुणी बाटवत नाही, आणि ती बाटण्यासारखी नाहीही. खोटं बोलूनच जिंकायचं असतं तर मी कधीच देवळात गेलो असतो."

शेवटच्या वाक्यावर बुवासुद्धा हसले. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला घड्याळ दिसत नव्हतं.

"आता शेवटची बारी!" सावळेराम सावरून म्हणाला. "आस्तिकांच्या गाड्याला बैल ऱ्हायला नाय मंडळी. कुणी हाये का? कमिटीचं पुकारणं हाये, कुणी बी या!"

मार्थाबाई उठल्या. अंतोन त्यांना आधार द्यायला लागला, पण कुशाबानं पार्टी म्हणून त्याला खाली बसवलं. मग त्या एकट्याच, एक पाय ओढत, रिकाम्या टेबलापर्यंत आल्या. बुवांनी स्वतःची खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. भिकानं निशाण पाडलं. मी बटण दाबलं.

"ह्या भाऊंनी सांगितलं ते समदं बरोबर हाये," मार्थाबाई म्हणाल्या. "आमच्या फादरपेक्षा चांगलं सांगितलं. मला येवढं येत न्हाई. माझे मालक गेल्यापासून मिस्साला मला हाताला धरून रांगेत हाच नेतो. ह्यानं बाहेर लगीन केलं तर हा बाकावर बसून ऱ्हाईल आन् मी एकटी जाईन. बास. येवढंच."

आणि त्या वळल्या. मी बटण दाबलं. सावळेराम, जो दोन बैलांच्या मध्ये माशी उडाली तरी तिचं नाव गाव सांगतो, तो काही बोललाच नाही.

कुशाबानं घसा खाकरला. "निकाल जाहीर करायचा का, उर्जे?"

सकाळचा नियम सगळे विसरले होते. मी नव्हते विसरले. मी माचावर उभी राहिले आणि माईकशिवाय, घाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मार्थाबाई पहिल्या! आप्पा शेवटचे!"

जो गलका झाला तो बैल धावतात तेव्हाही मी ऐकला नव्हता. टोप्या उडाल्या. सावळेरामला वाचा फुटली. "घाटाचा राजा! न्हाई न्हाई, घाटाची राणी! मार्थाबाई संगमनेरकर! भिर्रर्रर्र!"

"हा काय निकाल झाला?" आप्पा कुशाबावर धावले. "त्यांनी युक्तिवादच केला नाही!"

"घाटावर बैल बी युक्तिवाद करत न्हाईत, गोकुळ," कुशाबा म्हणाला. "टाइम बोलतो. आन् खरं सांगायला वेळ लागत नसतो, हे सकाळी कोण म्हणलं व्हतं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊर्जे, बरोबर दाबलं होतंस?"

"हो, आप्पा." खरंच बरोबर दाबलं होतं. खोटं बोलायची वेळ आली असती तर काय केलं असतं ते मला विचारू नका.

ते खुर्चीवर बसले. शेजारी कांतीलालशेठनी त्यांना आपल्या बाटलीतलं उकळलेलं पाणी दिलं. ते त्यांनी सगळं पिऊन टाकलं आणि मार्थाबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"ताई, शब्द दिलाय, येतो चर्चात. पण गुडघे टेकणार नाही, आधीच सांगतो."

"माझे बी टेकत न्हाईत, भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या. "बसून घेऊ दोघं."

लग्न वैशाखात झालं. आप्पा पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले. सगळे गुडघ्यांवर गेले तेव्हा ते आणि मार्थाबाई तेवढे बसून होते आणि आपापसात हळू आवाजात काहीतरी बोलत होते. नंतर कळलं, मोटारीबद्दल. चर्चच्या बोअरची मोटार आवाज करत होती. आईनं फ्रीजवरचा एक देव पर्समध्ये घालून आणला होता, त्याबद्दल आप्पांना अजून माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते पुढच्या रविवारचं. लग्नानंतर मुलीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, मुराळी म्हणून. मला भाऊ नाही, म्हणून आप्पा आले. ही रूढी नाही, ही सोय आहे, असं त्यांचं मत. अंतोनच्या घराला कुलूप दिसलं तसे ते सरळ चर्चात आले आणि मागच्या बाकावर माझ्या आणि मार्थाबाईंच्या मध्ये येऊन बसले. अंगाला मोटारीच्या वार्निशचा वास येत होता. पुढे अंतोन तबल्यावर होता.

रांग लागली. अंतोन तबला बाजूला सारून आईला घ्यायला निघाला, पण त्याच्या आणि आमच्या मध्ये सगळं चर्च उठून उभं होतं. मार्थाबाई बाकाला धरून उठायला लागल्या. गुडघा वाकेना. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, "च्यायला," म्हणाले, चर्चात म्हणाले, आणि त्यांचा हात धरून उभे राहिले.

असं मी माझ्या वडिलांना त्या रांगेत पाहिलं. एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल. अर्ध्यावर अंतोन येऊन पोहोचला आणि त्यानं दुसरा हात धरला. तिघं पुढे गेले. फादर नवे होते, पाहुणे; ते आप्पांना ओळखत नव्हते. मार्थाबाईंनी घेतलं, अंतोननं घेतलं, आणि फादरांनी ती पांढरी चकती आप्पांसमोर धरली. "ख्रिस्ताचं शरीर."

"मला नाही, फादर," आप्पा म्हणाले. सबंध चर्चला ऐकू गेलं. "मी नास्तिक आहे. मला दिलं तर तुमचाच नियम मोडेल."

फादर दचकले, मग हसले, आणि चकती परत पात्रात ठेवली. माझ्या शेजारची एक म्हातारी मला विचारत होती, कोण गं हे? माझे वडील, मी म्हटलं.

ते तिघं सावकाश परत आले. आप्पांनी मार्थाबाईंना बाकावर बसवलं आणि स्वतः बसले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "प्रतीक म्हणतायत का बघत होतो. नाही म्हणाले. माणूस पक्का आहे."

मार्थाबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. ते संपल्यावर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "भाऊ, पुढच्या रविवारी बी येताल का?"

"पुढच्या रविवारी मला दोन मोटारी भरायच्या आहेत," आप्पा म्हणाले. "त्याच्या पुढच्या रविवारी बघतो."